निरुपयोगी लहरींचे उपासक

(घरातल्या लहानशा खोलीत बसून केवळ हौसेखातर बिनतारी संदेशांचे प्रयोग करणाऱ्या लोकांना जगभर 'हॅम' या नावाने ओळखतात. तज्ज्ञांनी कमी उपयोगाच्या ठरविलेल्या अतिशय आखूड लहरी त्यांनी साध्या, घरगुती साधनांनी कशा कामाला लावल्या, त्याची हकिकत या पाठात सांगितली आहे.)

मनुष्याचे छंद नाना प्रकारचे असतात. कोणी पोस्टाची तिकिटे गोळा करतो, कोणी पक्ष्यांच्या मागे रानोमाळ हिंडतो, कोणी बागेतल्या गुलाबांवर जीव टाकतो. पण काही माणसांचा छंद याहून निराळा असतो. घरातल्या एखाद्या कोपऱ्यात टेबल मांडून त्यावर तारांची वेटोळी, काचेचे व्हॉल्व्ह आणि बटणांच्या चकत्या यांचा पसारा घालावा, छपरावर एरियल उभारावे आणि दिवसभराचे काम आटोपल्यावर रात्री उशिरापर्यंत कानाला हेडफोन लावून दूरदूरच्या अनोळखी माणसांशी बोलावे, यातच त्यांना धन्यता वाटते. सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवल्यावर प्रत्येकाला अक्षरे आणि अंक मिळून झालेले एक सांकेतिक नाव मिळते, आणि हवेत तो त्याच नावाने ओळखला जातो. या कामाचा मोबदला घेण्यास कायद्याने बंदी आहे. मिळवायचे ते केवळ ज्ञान, आनंद आणि मित्र!

अशा या हौशी लोकांच्या वाट्याला प्रारंभापासूनच ओसाड जमीन आली. १९१२ साली अमेरिकेत बिनतारी संदेशांसंबंधी कायदा झाला. मोठ्या लांबीच्या लहरी दूरवर जातात, आखूड लहरी जात नाहीत, असा त्या काळच्या जाणकारांचा समज होता. म्हणून लांब लहरी आरमार, जहाजे आणि व्यापारी कंपन्या यांच्यासाठी राखून ठेवण्यात आल्या आणि हौशी लोकांना २०० मीटर व त्याहून आखूड लहरी देण्यात आल्या. यांचा कोणालाच उपयोग नाही, तेव्हा हॅमलोकांनी त्यांच्याशी खुशाल खेळावे, असाच त्या देण्याचा अर्थ होता. पण १९२३ च्या नोव्हेंबर महिन्यात फ्रान्समधील लेओन देलॉय आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल व जॉन राइनार्ट्झ या हौशी साधकांनी सुमारे ११० मीटर लांबीच्या लहरींवर अटलांटिक महासागरापलीकडे परस्परांशी संभाषण केले. ओसाड म्हणून टाकलेल्या जमिनीत सोने सापडले! मग काय, ज्यांनी ती जमीन नाकारली होती तेही तिच्याकडे धावले, आणि हॅमलोक आणखी आखूड लहरींच्या शोधात पुढे निघाले.

असे करता करता ते पाच मीटरच्या लहरींपर्यंत येऊन पोचले. लहर जितकी आखूड, तितकी तिची दर सेकंदाची कंपने अधिक. पाच मीटरच्या पट्ट्यात ही संख्या सेकंदाला ५ कोटी ६० लाख ते ६ कोटी, म्हणजे ५६ ते ६० मेगाहर्ट्झ होती. तीस मेगाहर्ट्झपासून तीनशे मेगाहर्ट्झपर्यंतच्या या प्रदेशाला पुढे व्हीएचएफ असे नाव मिळाले.

या लहरी कमी उपयोगाच्या का मानल्या गेल्या, हे समजण्यासारखे आहे. पृथ्वीपासून उंचावर, वातावरणाच्या वरच्या भागात विद्युत्भारित कणांचे थर आहेत. लघुलहरी तेथवर जाऊन आरशावरील प्रकाशाप्रमाणे परत फिरतात आणि हजारो मैलांवर उतरतात. पाच मीटरसारख्या आखूड लहरी मात्र हा आरसा बहुधा भेदून अवकाशात निघून जातात. जमिनीलगत त्या सरळ रेषेत चालतात. पृथ्वी तर गोल! तेव्हा क्षितिजाच्या पलीकडे त्या जाणार कशा? डोळ्यांना दिसेल तेवढेच त्यांचे राज्य, असा सिद्धान्त पुस्तकांतून सांगितला जाई.

या लहरींसाठी १९३० नंतरच्या काळात हॅमलोकांनी बनवलेली साधने पाहिली म्हणजे आज गंमत वाटते. पुष्कळांचा संपूर्ण प्रक्षेपक म्हणजे एका फळीवर बसवलेले एक-दोन व्हॉल्व्ह आणि तांब्याच्या नळीचे दोन-चार वेढे. लघुलहरींच्या संचात तारेची भरगच्च गुंडाळी लागे. येथे चार वेढ्यांत काम भागे. उलट तारेचा एखादा इंच जास्त झाला तरी सारा हिशेब चुकत असे, कारण इतक्या जलद कंपनांना साधी सरळ तारसुद्धा वेटोळ्यासारखी भासते. म्हणून एक भाग दुसऱ्याला अगदी खेटून बसवावा लागे. संचावर हात नुसता जवळ नेला तरी लहरीची लांबी बदलून जाई. त्यामुळे बटणाला लाकडाची किंवा एबोनाइटची लांब दांडी जोडून दुरूनच ते फिरवण्याची युक्ती साधक करीत. बोलणाऱ्याच्या आवाजासरशी लहर कमीजास्त व्हावयास हवी, ती तर होईच; पण त्याबरोबर ती जागच्या जागी डुलूही लागे. एखाद्या झिंगलेल्या वाटसरूने सगळा रस्ता अडवावा, तशी एकेका संचाची लहर पट्ट्याचा मोठा भाग अडवून बसे.

असा डुलणारा आवाज पकडणारा ग्राहक संचही त्याच्याच तोडीचा होता. १९२२ साली एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन संशोधकाने 'सुपर-रिजनरेटिव्ह' नावाची रचना शोधून काढली होती. हिच्यात एकच व्हॉल्व्ह क्षीण संदेशाला पुन्हा पुन्हा स्वतःतूनच फिरवून प्रचंड मोठा करतो. एका व्हॉल्व्हकडून अनेकांचे काम! मात्र तिची एक खोड होती. हवेत काही नसले, की हेडफोनमधून पत्र्यावर पाऊस पडावा तशी अखंड सळसळ ऐकू येई. एखादा संदेश आला, की ती सळसळ एकदम विरे आणि त्या शांततेतून मनुष्याचा आवाज उमटे. रात्ररात्र ती सळसळ ऐकत बसलेल्या साधकाला अचानक आलेली शांतता किती गोड वाटत असेल! दुसरी खोड शेजाऱ्यांना जाचक होती. हा ग्राहक संच स्वतःही थोडीफार लहर बाहेर फेकी आणि आसपासच्या दुसऱ्या हॅमच्या ऐकण्यात व्यत्यय आणी.

आपली लहर नेमकी किती लांबीची आहे, हे मोजण्यासाठी महागडी उपकरणे नव्हती. त्यासाठी साधकांनी एक सोपी रीत उपयोगात आणली. दोन तारा एकमेकींना समांतर ताणून बांधावयाच्या, त्यांचे एक टोक प्रक्षेपकाच्या वेटोळ्याजवळ आणावयाचे आणि धातूची एक आडवी पट्टी त्या तारांवरून हळूहळू सरकवीत न्यावयाची. ठरावीक जागी पट्टी आली की प्रक्षेपकावरील मीटरचा काटा झटकन हलतो. तेथे खूण करावी आणि पट्टी पुढे न्यावी. काटा पुन्हा हलला की दुसरी खूण करावी. दोन खुणांमधले अंतर म्हणजे लहरीची अर्धी लांबी. अंतर अडीच मीटर भरले, तर लहर पाच मीटरची! डोळ्यांना न दिसणारी वस्तू घरातल्या मोजपट्टीने मोजण्याची ही रीत एर्न्स्ट लेशर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते.

अशी साधने मोटारीत घालून हॅमलोक टेकड्या आणि डोंगर गाठीत. उंच जागेवरून क्षितिज दूर जाते, म्हणून लहरीही दूर जाते, एवढेच त्यांना ठाऊक होते. पण निसर्ग पुस्तकातले वाक्य वाचून वागत नाही. कधी कधी मध्ये डोंगर असूनही दूरचा आवाज स्पष्ट ऐकू येई, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी नुसती सळसळ. पुष्कळांनी हे नशिबाचे खेळ म्हणून सोडून दिले. एकाने मात्र सोडले नाही.

त्याचे नाव रॉस हल. हल हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे. अमेरिकेतील हौशी रेडिओ संघटनेच्या 'क्यूएसटी' या मासिकाच्या संपादनाचे काम ते पाहत. १९३४ साली कनेक्टिकट राज्यातील वेस्ट हार्टफर्ड येथे त्यांनी पाच मीटरच्या लहरीसाठी एक दिशादर्शक एरियल उभारले. सर्व दिशांना विखुरणारी शक्ती हे एरियल कंदिलाच्या भिंगाप्रमाणे एकाच दिशेला नेते. तेथून सुमारे शंभर मैलांवरच्या बोस्टन परिसरातील केंद्रांशी त्यांचे संभाषण होऊ लागले. सरळ रेषेच्या नियमाप्रमाणे हे घडावयास नको होते.

हल यांचे मोठेपण यापुढेच आहे. शंभर मैलांचा पल्ला गाठला म्हणून टाळ्या घेऊन ते थांबले नाहीत. रोज संदेश किती जोराने येतो याची त्यांनी दीर्घकाळ काटेकोर नोंद ठेवली आणि वातावरणाच्या निरनिराळ्या उंचीवरील तपमानाच्या व आर्द्रतेच्या नोंदींशी ती ताडून पाहिली. तेव्हा सारे कोडे उलगडले. सामान्यतः उंच जावे तशी हवा थंड होते. पण कधी कधी खाली थंड, दमट हवा आणि तिच्यावर उबदार, कोरडी हवा असे उलटे थर बनतात. अशा दिवशी लहरी सरळ न जाता खाली वाकतात आणि पृथ्वीच्या गोलाईबरोबर पुढे जातात. तापलेल्या माळावर प्रकाशाचे किरण वाकून मृगजळ दिसते, त्याच जातीचा हा चमत्कार. फक्त वाकण्याची दिशा उलटी. १९३५ आणि १९३७ साली हल यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हौशी माणसाने घरच्या संचावर केलेल्या कामाने रेडिओशास्त्र आणि हवामानशास्त्र यांच्यामध्ये एक पूल बांधला.

दुर्दैवाने हे आयुष्य फार लहान ठरले. १९३८ च्या सप्टेंबरमध्ये घरी दूरचित्रवाणीच्या संचावर प्रयोग करीत असताना उच्च दाबाच्या विजेचा धक्का बसून रॉस हल यांचा अंत झाला. ते तेव्हा पस्तिशीच्या आसपास होते. विद्या कितीही अंगवळणी पडली तरी विजेशी सलगी करता येत नाही, हा कठोर धडा त्यांच्या मृत्यूने साऱ्या हॅमजगताला दिला. संचाचे झाकण उघडण्यापूर्वी विजेचा प्रवाह बंद करा, ही सूचना त्यानंतर अधिकच कळकळीने दिली जाऊ लागली.

त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकन सरकारने नियम केला, की पाच मीटरच्या पट्ट्यातील लहर डुलता कामा नये. साधे संच एका दिवसात निरुपयोगी झाले. ज्यांना ते सोडवेनात, ते अडीच मीटरच्या लहरींकडे वळले. बाकीच्यांनी स्फटिकाचा आश्रय घेतला. क्वार्ट्झ स्फटिकाची पातळ चकती ठरावीक वेगानेच कंप पावते. तिची कंपने व्हॉल्व्हच्या साहाय्याने दुप्पट, तिप्पट करीत नेता येतात. ८ मेगाहर्ट्झचा स्फटिक घेऊन त्याची कंपने अठरा पट केली, तर १४४ मेगाहर्ट्झची लहर मिळते आणि ती जागची हलत नाही. नियमाने आलेली ही अडचण अखेर उपकारक ठरली.

पुढे महायुद्ध आले. १९४१ च्या डिसेंबरात अमेरिका युद्धात उतरताच तेथील हौशी केंद्रे बंद करण्यात आली. ब्रिटनमधील केंद्रे तर १९३९ सालीच मुकी झाली होती. मात्र १९४२ साली अमेरिकेत नागरी संरक्षणासाठी एक आपत्कालीन रेडिओसेवा स्थापन झाली, तेव्हा तिच्या कामी अडीच मीटरचेच संच आले. या लहरी फार दूर जात नाहीत, म्हणून शत्रूच्या कानी पडण्याचा संभव कमी! जो दुर्गुण म्हणून हिणवला गेला, तोच संकटकाळी गुण ठरला.

युद्ध संपल्यावर हॅमलोकांना नवे पट्टे मिळाले. पाच मीटरच्या जागी सहा मीटर आणि अडीच मीटरच्या जागी दोन मीटर, म्हणजे १४४ मेगाहर्ट्झपासूनचा पट्टा आला. त्याच सुमारास युद्धात उरलेले लष्करी साहित्य बाजारात स्वस्तात विकावयास निघाले. त्यांतला 'एससीआर-५२२' हा विमानातला संच पुष्कळांच्या आठवणीत राहिला आहे. तो १०० ते १५६ मेगाहर्ट्झ या टापूत चाले आणि त्यात स्फटिकांनी बांधलेली चार स्थाने होती. विमानातील २८ व्होल्टच्या विजेऐवजी घरातल्या विजेवर तो चालवण्यासाठी त्याची पुष्कळ मोडतोड करावी लागे. पण त्या मोडतोडीतूनच एका पिढीचे शिक्षण झाले. युद्धासाठी जन्मलेले यंत्र मैत्रीच्या गोष्टी बोलू लागले, याहून त्याची सद्गती ती कोणती?

१९५० नंतरच्या दशकात तयार संच मिळू लागले. गॉनसेट कंपनीचा 'कम्युनिकेटर' हा डब्यासारखा संच घरी, मोटारीत, टेकडीवर कोठेही नेता येई. नागरी संरक्षणासाठी पिवळ्या रंगात तयार केलेले त्याचे नमुने अजूनही जुन्या वस्तूंच्या संग्रहांत दिसतात. १९६० च्या सुमारास हीथकिट कंपनीने सुटे भाग देऊन घरी जोडावयाचा एक छोटा संच काढला. कडी असलेल्या त्या पेटीला, कंपनीच्या गावावरून, हॅमलोक लाडाने 'बेंटन हार्बरचा जेवणाचा डबा' म्हणत. त्याच्या पोटात आर्मस्ट्राँगची तीच जुनी सळसळणारी रचना होती.

या काळातली सर्वांत रोमहर्षक घटना १९५७ सालची. कॅलिफोर्नियात राहणारे जॉन चेंबर्स आणि हवाई बेटावरचे राल्फ थॉमस या दोघांनी, प्रशांत महासागर दोन मीटरच्या लहरीने ओलांडावयाचा असा ध्यास घेतला होता. मध्ये पाण्याखेरीज काही नाही, आणि अंतर सुमारे २५०० मैल! उन्हाळ्यात या महासागरावर थंड, दमट हवेवर उबदार हवेचे पांघरूण पसरते. हल यांनी सांगितलेला उलटा थर तो हाच. त्या दोन थरांच्या बोगद्यातून लहर जाईल, अशी त्यांची आशा होती. हाका मारूनही उत्तर येत नसताना ते वाट पाहत राहिले. अखेर ८ जुलै १९५७ रोजी दोघांनी परस्परांचे संकेत स्पष्ट ऐकले. क्षितिजापलीकडे न जाणारी म्हटलेली लहर अर्धा महासागर ओलांडून गेली.

आता उरले आकाश. १० जानेवारी १९४६ रोजी अमेरिकन सैन्याच्या शास्त्रज्ञांनी १११.५ मेगाहर्ट्झची लहर चंद्रावर आपटवून तिचा प्रतिध्वनी ऐकला. जाऊन येण्यास तिला अडीच सेकंद लागले. या प्रयोगाचे प्रमुख जॉन डेविट हेही हॅम होते, आणि १९४० साली हाच प्रयत्न त्यांनी स्वतः करून पाहिला होता. तेव्हा त्यांना अपयश आले होते. पुढे १९५३ साली रॉस बेटमन आणि विल्यम स्मिथ या हौशी साधकांनी दोन मीटरच्या लहरीवर हाच प्रतिध्वनी मिळवला.

पहिला स्पुटनिक आकाशात गेल्याला सव्वाचार वर्षेही झाली नव्हती, तोच १२ डिसेंबर १९६१ रोजी 'ऑस्कर-१' हा हॅमलोकांनी बनवलेला उपग्रह दुसऱ्या एका मोठ्या उपग्रहाच्या अग्निबाणातून आकाशात गेला. त्याचे वजन सुमारे साडेचार किलो होते. त्यातील प्रक्षेपकाची शक्ती विजेरीच्या लहानशा दिव्याहूनही कमी. चार टिंबे आणि दोन टिंबे, म्हणजे मोर्सच्या लिपीत 'हाय', एवढा एकच शब्द तो दोन मीटरच्या लहरीवर उच्चारीत असे. उपग्रहातील तपमान बदलले की त्या टिंबांचा वेग बदले, आणि त्यावरून पृथ्वीवरील श्रोत्यांना त्याच्या अंगातला ताप कळे! सुमारे तीन आठवडे तो बोलत राहिला. २८ देशांतील ५७० हून अधिक हॅमलोकांनी तो ऐकून आपल्या नोंदी पाठवल्या.

या परंपरेत पुढे भारतानेही भर घातली. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून इस्रोने 'हॅमसॅट' हा साडेबेचाळीस किलो वजनाचा उपग्रह खास हौशी साधकांसाठी सोडला. त्यात एक यंत्रणा भारतीय तंत्रज्ञांनी बनवलेली होती आणि दुसरी एका डच विद्यार्थ्याने. त्याचा आवाज दोन मीटरच्याच पट्ट्यात पृथ्वीवर येई. २०१४ पर्यंत या उपग्रहाने जगभरच्या हॅमलोकांना परस्परांशी जोडले. आज आपल्या देशात बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींनाही परीक्षा देऊन हा परवाना मिळवता येतो.

मुलांनो, या साधकांपाशी मोठ्या प्रयोगशाळा नव्हत्या. त्यांच्यापाशी तांब्याची नळी, दोन ताणलेल्या तारा आणि नोंदींची एक वही होती. त्यांतली सर्वांत मोलाची वस्तू वहीच. नळ्या गंजल्या, व्हॉल्व्ह फुटले, संच अडगळीत गेले. पण रोज प्रामाणिकपणे लिहिलेल्या नोंदींतून जे सत्य हाती आले, ते टिकून आहे. 'हे निरुपयोगी आहे' असे जाणकारांनी म्हटले, तरी त्यांच्याशी भांडत बसू नये. शांतपणे पाहावे, मोजावे, लिहून ठेवावे आणि पुन्हा पाहावे. सळसळीच्या मागे एखादा आवाज दडलेला असेलही. तो ऐकण्याइतका धीर मात्र आपल्यापाशी हवा.

शब्दार्थ

उपासक – निष्ठेने सेवा करणारा. जाचक – त्रासदायक. व्यत्यय – अडथळा. ताडून पाहणे – तुलना करून खात्री करणे. ध्यास – एकाच गोष्टीचे अखंड चिंतन. सद्गती – चांगली अखेर.

स्वाध्याय

१. हौशी लोकांच्या वाट्याला 'ओसाड जमीन' आली, असे लेखकाने का म्हटले आहे?

२. सुपर-रिजनरेटिव्ह ग्राहक संचाचा गुण कोणता आणि त्याच्या दोन खोडी कोणत्या?

३. दोन समांतर तारांवर खुणांमधील अंतर एक मीटर भरले, तर लहरीची लांबी किती?

४. रॉस हल यांचे खरे मोठेपण लेखकाला कशात दिसते? तुमच्या शब्दांत सांगा.

५. 'जो दुर्गुण म्हणून हिणवला गेला, तोच संकटकाळी गुण ठरला' हे वाक्य पाठातील उदाहरणाने स्पष्ट करा. असे दुसरे उदाहरण तुम्हांला ठाऊक असल्यास लिहा.

६. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : जीव टाकणे, अंगवळणी पडणे, ध्यास घेणे.

७. महिनाभर रोज सकाळी सात वाजता हवेचे तपमान व आकाशाची स्थिती वहीत नोंदवा. महिन्याच्या शेवटी त्या नोंदींवरून काय दिसते, ते दहा ओळींत लिहा.